छोटं दुकान ऑनलाइन मोठ्या कंपनीसमोर टिकतं, पण सगळ्या मालावर नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: फर्निचरच्या हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. हँडल, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, कुलपं असा सगळा मिळून चारेकशे प्रकारचा माल. मोठ्या कंपन्या तोच माल ऑनलाइन इतका स्वस्त देतात की त्यांचा विक्रीचा भाव आणि आपला खरेदीचा भाव यांत फारसा फरक उरत नाही. अशा वेळी ऑनलाइन उतरून टिकू का? उतरायचं तर मार्केटप्लेसवर (ॲमेझॉनसारख्या, अनेक विक्रेते एकत्र विकतात अशा साइटवर) की स्वतःच्या वेबसाइटवर? आणि सगळं काम एजन्सीकडे सोपवलं तर?

‘टिकू का’ असं विचारलंय, पण घोडं तिथे अडलेलं नाही. चारशेच्या चारशे जिनसांवर मोठ्या कंपनीशी टक्कर होत नाही, दुकानातही नाही आणि ऑनलाइनही नाही. आधी दोन गोष्टी शोधायच्या. या चारशेंतल्या कोणत्या तीस-चाळीस वस्तू तुम्ही त्यांच्यापेक्षा चांगल्या विकू शकता, ही पहिली. आणि या वस्तूंच्या एका ऑर्डरमागे सगळा खर्च वजा जाता हातात काय राहतं, ही दुसरी. याची उत्तरं कागदावर आली की मार्केटप्लेस की वेबसाइट हा वाद बराचसा आपोआप मिटतो.

ऑनलाइन विक्रीमुळे छोट्याला नेमकं काय मिळतं, हे आधी स्पष्ट करतो, कारण यात बरेच गैरसमज आहेत. मोक्याची जागा, मोठा गाळा, मांडणीसाठी लांबच लांब शेल्फ, पैसे घेण्याची सोय, दूरवर माल पोचवणारी यंत्रणा हे सगळं एकेकाळी स्वतः उभारावं लागायचं. आता ते वापरापुरतं भाड्याने मिळतं. ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर भाड्याने देणाऱ्या शॉपिफाय कंपनीचा उगमच त्यातला आहे: टोबियास ल्युटके यांना २००४ साली स्नोबोर्ड विकायचे होते, मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी ते स्वतः लिहिलं, आणि २००६ साली तेच इतर दुकानदारांना भाड्याने द्यायला काढलं. मार्केटप्लेसचंही तसंच. ॲमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या एकूण विक्रीत इतर विक्रेत्यांचा वाटा १९९९ मध्ये ३ टक्के होता, २०१८ मध्ये ५८ टक्के झाला, असं ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात दिलं आहे. या इतर विक्रेत्यांत छोटे आणि मध्यम व्यावसायिक मोठ्या संख्येने आहेत.

जे मिळत नाही तेही तितकंच पक्कं आहे. घाऊक खरेदीचा भाव ऑनलाइन गेल्याने कमी होत नाही. कुरिअरचा दर मोठ्या कंपन्यांना तुमच्यापेक्षा स्वस्तच पडणार. पहिल्या ऑर्डरवर तोटा खाऊन गिऱ्हाईक जोडायची त्यांची ताकद आहे, तुमची नाही. म्हणून भावावर लढायचा विचार सुरुवातीलाच बाजूला ठेवा.

एक सापळा इथेच सांगून टाकतो. ज्या ब्रँडेड वस्तूवर छापील बारकोड आहे आणि जी दहा विक्रेते विकतात, ती बहुतेक मार्केटप्लेसवर एकाच पानावर येते. पान एक, विक्रेते दहा, आणि ‘खरेदी करा’ हे मुख्य बटण एका वेळी एकाच विक्रेत्याच्या नावावर असतं. ते कोणाला मिळतं हे भाव, पोचवण्याचा वेळ आणि विक्रेत्याचं रेटिंग यांवर ठरतं, त्यातही भावाचं पारडं जड. तिथे तुमचं ज्ञान, तुमचे फोटो, तुमचं वर्णन यांपैकी काहीही कामाला येत नाही. असा माल दुकानात ठेवा, ऑनलाइन यादीतून काढा.

मग ठेवायचं काय? ज्या वस्तूत गिऱ्हाइकाला खात्री नसते की ‘हे माझ्याकडे बसेल का’, ती. तुमच्या धंद्यात असा माल भरपूर आहे. साधं हँडल घ्या. कपाटाच्या हँडलचं खरं माप म्हणजे दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर: ९६, १२८, १६० मिमी असं ३२ च्या पटीत चालतं. गिऱ्हाईक मात्र हँडलची टोकापासून टोकापर्यंतची लांबी मोजतं. १२८ चं हँडल टोकापासून टोकापर्यंत १४० किंवा १५० मिमी भरू शकतं. तो ‘१५० मिमी हँडल’ शोधतो, मागवतो, जुन्या भोकांवर बसत नाही आणि पार्सल परत येतं. मोठ्या कंपनीच्या पानावर बहुधा ‘लांबी १५० मिमी’ एवढंच लिहिलेलं असतं, कारण ती माहिती पुरवठादाराच्या तक्त्यातून जशीच्या तशी चढवलेली असते. तिथे बसलेल्या माणसाला लाख वस्तू सांभाळायच्या असतात, तो एका हँडलपाशी थांबत नाही.

तुम्ही थांबू शकता. शीर्षकात ‘भोकांमधलं अंतर १२८ मिमी’ असं लिहा. दुसरा फोटो हँडल उलटं ठेवून, शेजारी मोजपट्टी ठेवून, दोन्ही भोकांचे मध्य दाखवणारा. वर्णनात स्क्रूची गोष्ट: १८ मिमीच्या बोर्डाला २५ मिमीचा स्क्रू चालतो, पण ड्रॉवरला पुढून दुसरा बोर्ड लावलेला असेल तर तोच स्क्रू हँडलपर्यंत पोचत नाही, तिथे ४५ मिमीचा लागतो. दोन्ही मापांचे स्क्रू पाकिटात घाला. खर्च नगण्य आहे, आणि ‘स्क्रू आखूड निघाले’ ही या मालातली एक नेहमीची तक्रार जागेवर संपते. बिजागरीलाही हेच लागू. ३५ मिमीचा कप, म्हणजे दाराच्या भोकात बसणारा गोल भाग, बहुतेकांचा सारखाच असतो. चूक होते ती दार कडेची फळी पूर्ण झाकतं, अर्धी झाकतं की आत बसतं हे न बघितल्याने. तीन छोटी चित्रं आणि ‘दार उघडून असं बघा’ अशा दोन ओळी टाका, बस.

वस्तू निवडताना तीन ठिकाणी बघा. एक, दुकानात येणारे लोक कोणत्या वस्तूचा जुना तुकडा हातात घेऊन येतात. त्या वस्तू आधी यादीत, कारण अशा माणसाला नेमकी तीच हवी असते, तो भाव पाडत बसत नाही. दोन, मार्केटप्लेसच्या शोधपट्टीत वस्तूचं नाव टाइप करून थांबा. खाली जे पर्याय उलगडतात ते लोकांचे खरे शब्द आहेत. तेच शब्द शीर्षकात घ्या, कॅटलॉगचे नव्हेत. तीन, मोठ्या विक्रेत्याच्या पानावरचे तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचा. एक तारा देणारे बहुतेक वेळा उशिरा आलेल्या पार्सलवर चिडलेले असतात आणि पाच तारे देणारे काही सांगत नाहीत. तीनवाला सांगतो: वस्तू चांगली, पण अमुक कमी पडलं. ते अमुक म्हणजे तुमची जागा.

आता हिशेब. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून जरा सावकाश जातो. विक्रीची किंमत १०० धरा, कर बाजूला ठेवून. खरेदी ४५, मार्केटप्लेसचं कमिशन आणि पैसे घेण्याचं शुल्क मिळून १५, कुरिअर १४, पॅकिंग ३, जाहिरात ८. बेरीज ८५, हातात १५. आकडे तुमचे वेगळे असतील, रीत हीच. शंभर ऑर्डरींवर १,५०० उरले असं वाटतं, आणि लोक इथेच हिशेबाची वही मिटतात.

शंभरातल्या दहा परत आल्या तर? नव्वद ऑर्डरींचे १,३५० मिळाले. परत आलेल्या प्रत्येकीमागे जाण्याचं कुरिअर १४, येण्याचं १४, पॅकिंग ३, जाहिरात ८, म्हणजे ३९ गेले. कमिशन परत मिळतं असं धरलंय. काही ठिकाणी त्यातलाही थोडा भाग कापून घेतात, करार वाचा. परत आलेल्यांपैकी निम्मा माल ओरखडे पडून किंवा पाकीट फाटून पुन्हा विकण्याजोगा राहिला नाही तर दर परतीमागे सरासरी आणखी २२.५. एकूण ६१.५ गुणिले दहा, ६१५. उरले ७३५. दहा टक्के परतीने निम्म्याहून जास्त नफा खाल्ला. परती वीसवर गेल्या की हातात शून्य. उलट दहाच्या पाच केल्या तर उरतात सुमारे १,११७, म्हणजे एकही जादा ऑर्डर न घेता नफा दीडपट. मोजपट्टीच्या फोटोचा एवढा आग्रह का, ते यातून कळेल. रोख घेऊन माल देण्याची सोय ठेवलीत तर दारातूनच परत पाठवण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून पहिल्या काही महिन्यांत ती महागड्या वस्तूंवर बंद ठेवणं मला बरं वाटतं.

हिशेबातली दुसरी खुबी म्हणजे ऑर्डर मोठी करणं. कुरिअर, पॅकिंग आणि जाहिरात हे खर्च नगामागे नाहीत, पार्सलमागे आहेत. तेच हँडल तीनच्या संचात ३०० ला गेलं तर खरेदी १३५, कमिशन ४५, कुरिअर समजा १८, पॅकिंग ४, जाहिरात ८. एकूण २१०, हातात ९०. दर शंभरामागे १५ चे ३० झाले. एकटं हँडल विकणं आतबट्ट्याचं ठरू शकतं, सहाचा संच क्वचितच. कपाटाला लागतातही जोडीने किंवा सहा-आठने, त्यामुळे गिऱ्हाइकालाही यात जबरदस्ती वाटत नाही.

कुरिअरचा खर्च खोक्यावर ठरतो, नुसत्या वजनावर नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. येणारं उत्तर हे किलोमधलं ‘आकारी वजन’. खरं आणि आकारी यांतलं जे जास्त, त्यावर बिल. ४०० ग्रॅमचा संच ३० × २० × १० च्या खोक्यात घातला तर आकारी वजन १.२ किलो. तोच २५ × १६ × ६ च्या खोक्यात ०.४८ किलो, म्हणजे अर्ध्या किलोच्या आत. माल तोच, बिलाचा टप्पा वेगळा. काही कुरिअर ५,००० ऐवजी दुसरा भाजक घेतात, तेव्हा आधी विचारून घ्या. खोक्याची दोन-तीनच मापं ठेवा आणि वस्तूंचे संच त्या मापांना धरून बांधा. ड्रॉवरचे चॅनेल मात्र लोखंडाचे, जड. तिथे खरं वजनच भारी पडतं. ते लांबवर पाठवण्यात फायदा नाही, जवळपासच्या भागापुरते दाखवा.

पॅकिंगमध्ये चूक एकच, पण सगळे करतात: हँडल एकमेकांना लागून ठेवतात. वाटेत ती घासतात आणि पॉलिशवर रेघा उठतात. प्रत्येक नग वेगळा गुंडाळायचा, स्क्रू वेगळ्या जाड पिशवीत, कारण त्यांची टोकं पातळ पिशवी फोडून हँडललाच ओरखडतात. खोकं बंद केल्यावर कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर उघडून पुन्हा भरा.

जाहिरातीचं गणित वरच्याच आकड्यांतून निघतं. जाहिरातीआधी हातात २३ होते, आणि जाहिरातीचे पैसे दर क्लिकमागे जातात. जाहिरातीवर क्लिक करून पानावर आलेल्या शंभरांपैकी दोघांनी घेतलं तर एका ऑर्डरला ५० क्लिक लागले; म्हणजे एका क्लिकला ०.४६ च्या वर गेलात की तोटा. नुसत्या ‘हँडल’ या शब्दावर मोठ्या कंपन्या बोली लावून बसलेल्या असतात, तिथे या भावात जागा मिळणं कठीण. ‘१२८ मिमी काळं मॅट हँडल ६ नग’ अशा लांब शब्दांवर शोधणारे कमी, पण घ्यायलाच आलेले. तिथे शंभरांतले पाच-सहाही घेऊ शकतात, आणि पाच घेतले की परवडणारा क्लिक १.१५ पर्यंत जातो.

मार्केटप्लेस की स्वतःची वेबसाइट, हे थोडं परिस्थितीवर आहे. नवं गिऱ्हाईक अनोळखी वेबसाइटवर पैसे भरायला कचरतं, मार्केटप्लेसवर कचरत नाही. म्हणून सुरुवात तिथे. पण तिथलं गिऱ्हाईक तुमचं नसतं: त्याचा पत्ता-फोन तुम्हाला फक्त पार्सलपुरता मिळतो, आणि पाकिटात ‘पुढच्या वेळी थेट आमच्याकडे या’ असा कागद टाकणं बऱ्याच ठिकाणी नियमात बसत नाही. खातं बंद होण्याची वेळ यावरून येऊ शकते. सुतार, इंटिरिअरवाले, भाड्याच्या घरांची देखभाल करणारे असे पुन्हा पुन्हा घेणारे लोक तुमच्याकडे असतील तर त्यांच्यासाठी वेबसाइट लवकर काढा. ते शोधत येत नाहीत, तुम्ही लिंक पाठवता आणि ते मागवतात. फक्त एकदाच घेणारे घरगुती गिऱ्हाईक असेल तर वेबसाइटची घाई नको.

वेबसाइट काढाल तेव्हा ती मोबाइलवर, साध्या नेटवर उघडून बघा. पानावरचा सगळ्यात मोठा भाग, बहुधा मुख्य फोटो, २.५ सेकंदांच्या आत दिसावा हा गूगलचा निकष आहे. छोट्या दुकानांच्या साइट बहुतेकदा कॅमेऱ्यातून आलेले फोटो तसेच चढवल्याने रेंगाळतात. फोटो लहान करून चढवा, मोठी बाजू १,६०० पिक्सेल पुरे. पानावर कुरिअरचा खर्च आधीच दाखवा. शेवटच्या पायरीवर अचानक वाढलेली रक्कम बघून टोपली सोडून जाणारे फार असतात.

स्टॉकचा घोळ पहिल्या महिन्यातच होतो. दुकानात शेवटचा नग विकला जातो, त्याच वेळी ऑनलाइन ऑर्डर पडते, मग ती रद्द करावी लागते. रद्द केलेल्या ऑर्डरींनी विक्रेत्याचं रेटिंग झपाट्याने घसरतं आणि तुमचं पान शोधात खाली जातं. साधा उपाय: प्रत्यक्ष असलेल्या संख्येतून दोन-तीन वजा करून ऑनलाइन दाखवा, आणि प्रत्येक वस्तूला स्वतःचा कोड द्या, ज्यात माप आणि रंग दोन्ही येतील. ‘एचडी-१२८-काळा’ असा कोड पाकिटावर असला की मदतनीसही ९६ च्या जागी १२८ पाठवणार नाही.

खोटे रिव्ह्यू विकत घेऊ नका. पकडले गेलात तर खातंच जातं, आणि तुमच्या मालाला त्यांची गरजही नाही. पानाखाली विचारलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी माप देऊन उत्तर द्या. एकाच वस्तूवर तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला की तो वर्णनात घ्या.

एजन्सीबद्दल. पहिल्या शंभरेक ऑर्डरी तरी स्वतः भरा, स्वतः परत घ्या. परतीचं कारण दरवेळी वहीत लिहा: माप चुकलं, रंग वेगळा वाटला, वाटेत खराब झालं, नकोच होतं. या चार रकान्यांतला पहिला आणि दुसरा तुमच्या हातात आहे, तिसरा अर्धा. हे काम एजन्सी करत नाही. ती माल चढवते आणि जाहिरात चालवते. पुढे कधी द्यायचंच झालं तर फोटो आणि जाहिरात द्या, भाव आणि स्टॉक नको. आणि डोमेन (वेबसाइटचं नाव-पत्ता), मार्केटप्लेसचं खातं, जाहिरातीचं खातं हे तिन्ही तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर उघडा आणि एजन्सीला फक्त वापरण्याची परवानगी द्या. डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर काम बदलण्याच्या दिवशी दुकानाची पाटीच तो घेऊन जातो, आणि ती परत मिळवायला मग त्याच्याच मर्जीवर बसावं लागतं.